ऑडिटच्या आदल्या रात्री रंगणारे गोल

भोसरी-चाकणच्या बहुतेक मशीन शॉपमध्ये भिंतीवर स्किल मॅट्रिक्सचा, म्हणजे कुणाला कोणतं काम किती येतं याचा, तक्ता लावलेला असतो. ऑपरेटरच्या नावापुढे गोल, गोलाचे चार भाग. एक भाग काळा म्हणजे शिकतोय, चारही काळे म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. कल्पना झकास आहे. फक्त हे गोल बऱ्याच ठिकाणी ऑडिटच्या आदल्या रात्री, चहा पीत पीत मार्करने रंगवले जातात.

"पोरांना शिकायचंच नसतं" हे ऐकून माझे कान किटलेत. अहो, शिकवायची वेळ तरी कुणी ठरवलीय का? वर्षातून एकदा हॉलमध्ये पीपीटी, समोसा, हजेरीपटावर सह्या. थर्ड शिफ्ट करून आलेला माणूस तिथे डुलक्या काढणार नाही तर काय करणार?

जिथे जमतं, तिथे साधी गोष्ट असते. शिफ्ट सुरू होताना दहा मिनिटं, मशीनपाशीच, उभ्या उभ्या, एकच विषय. काल बोअर, म्हणजे नगातलं भोक, अंडरसाइझ (मापापेक्षा लहान) गेला ना? मग तोच जॉब हातात घ्यायचा. टर्निंगला, म्हणजे नग बाहेरून कापताना, इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) झिजला की ओडी, म्हणजे बाहेरचा व्यास, वाढतो, म्हणून एक्समध्ये, म्हणजे व्यासाच्या दिशेला, मायनस ऑफसेट (मशीनमध्ये टाकायची मापाची दुरुस्ती) द्यायची हाताला सवय झालेली. बोअरिंगला, म्हणजे भोक आतून कापताना, इन्सर्ट झिजला की बोअर लहान येतो, तिथे प्लस द्यावा लागतो. सवयीने मायनस दिला की बोअर आणखी लहान. हे सांगून "समजलं का?" विचारू नका, सगळेच मान हलवतात. बोअर गेज हातात द्या आणि म्हणा, माप, ऑफसेट टाक, का टाकलास ते सांग.

यात नवीन काहीच नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवखी माणसं भरली, त्यांना कामाला लावायला १९४० मध्ये 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' हा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. आधी माणसाची तयारी करा, मग करून दाखवा, मग त्याच्याकडून करून घ्या आणि नंतर लक्ष ठेवा. युद्धानंतर ही पद्धत जपानमध्ये गेली, टोयोटाने ती उचलली. आपल्याकडे पहिल्या तीन पायऱ्या कशाबशा होतात. चौथीला कुणी थांबत नाही.

आणि शिस्त लागते ती वरच्यांना. महिनाअखेर आली, डिस्पॅच अडला, की पहिली कुऱ्हाड या दहा मिनिटांवर. "आज राहू दे" असं सुपरवायझरने म्हणायचंच नाही. रद्द करायचं तर प्लांट हेडने, तेही लेखी. वेळ कंपनीची हवी, पंच आउट केल्यानंतरची नको.

सगळ्यात जास्त खटकतं ते शिकवणाऱ्याचं. जुना सेटर (मशीन कामाला लावून देणारा) नवख्याला शिकवत बसला की त्याच्या मशीनचे नग कमी पडतात. संध्याकाळच्या रिपोर्टमध्ये लाल खूण त्याच्याच नावापुढे, आणि साहेब विचारतात, आज काय झालं? उद्या तो कशाला शिकवेल?