मोंटोनेला आपलाही एक माणूस आहे

मोंटोनेवरचा तुमचा लेख मस्त झालाय, इटलीच्या उंब्रिया प्रांतातलं मोंटोने म्हणजे टायबर नदीच्या खोऱ्यावर टेकडीच्या माथ्यावर बसलेलं एवढंसं गाव, आणि तुम्ही ब्राच्चो फोर्तेब्राच्चोबद्दल छान लिहिलंय (भाडोत्री सरदार होता पण पेरूजिया शहर जिंकून बसला, १४२४ला लाकिलाच्या लढाईत जखमी होऊन गेला), पण एक गोष्ट राहिली हो. दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ला याच वरच्या टायबर खोऱ्यात आपल्या रायगडच्या माणगाव तालुक्यातले नाईक (हा सैन्यातला हुद्दा) यशवंत घाडगे लढले, मराठा लाइट इन्फंट्री, वय फक्त २२. शत्रूच्या मशिनगनने त्यांच्या सेक्शनमधले (छोट्या तुकडीतले) बाकी सगळे मेले नाहीतर जखमी झाले, तरी हा गडी एकटाच धावत गेला, ग्रेनेड टाकून गन बंद पाडली, एकाला गोळी घातली आणि मॅगझिन बदलायला वेळच नाही म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्यानेच लोळवलं!! मग स्नायपरची गोळी लागली. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यपुरस्कार, मिळाला. देह सापडलाच नाही, नाव इटलीतल्याच कासिनोच्या युद्धस्मारकावर कोरलंय.

२०२३मध्ये मोंटोनेत त्यांच्या नावाने स्मारक झालं, तेही सूर्यघड्याळाचं. माणगावला पुतळा आहे, पण आपल्यातले कितीजण गोव्याला जाताना तिथे थांबतात? मी तरी नव्हतो थांबलो.