बोट बुडाली ११२० साली, गादी हुकली ११३५ साली

मध्ययुगीन इंग्लंडची एक गोष्ट दर काही महिन्यांनी फिरत फिरत माझ्या फोनवर येते. 'दारूड्या खलाशांनी युवराजाची बोट बुडवली आणि इंग्लंड १९ वर्षं यादवीत होरपळलं, कारण लोकांना गादीवर बाई नको होती. राजा पुन्हा कधी हसला नाही. पुढे राजा झालेला स्टीफन मात्र ऐनवेळी त्याच बोटीतून उतरला होता. विचार करा!'

केला विचार.

बोट बुडाली हे खरं. २५ नोव्हेंबर ११२०ची रात्र, उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीतलं बारफ्लर बंदर. इंग्लंडचा राजा पहिल्या हेन्रीचा १७ वर्षांचा मुलगा विल्यम 'व्हाइट शिप'वर होता. खलाशांनी त्याच्याकडेच दारू मागितली आणि त्याने सढळ हाताने दिली. पुढे गेलेल्या राजाच्या जहाजाला गाठायच्या नादात वल्ही जोरात मारली गेली आणि बोट खडकावर आपटली. ऑर्डरिक या त्या काळच्या बखरकाराच्या मते सुमारे ३०० जणांपैकी एकटा बेरोल्ड वाचला. तो रुआँचा खाटीक. अंगावर मेंढ्याच्या कातड्याचा जाड अंगरखा होता, म्हणून त्या थंडीत तगला. युवराज तर छोट्या होडीतून सुटलाच होता, पण सावत्र बहिणीच्या हाका ऐकून त्याने होडी मागे वळवली. बुडणारे तिच्यावर चढले आणि तीही गेली.

राजाचं हसणं? ती नंतरची दंतकथा. दुःख झालंच असणार, पण जानेवारी ११२१ मध्ये, मुलाच्या वर्षश्राद्धाचीही वाट न बघता, त्याने दुसरं लग्न केलं. लग्नाबाहेरची वीसहून अधिक मुलं होती, पण गादीला औरस मुलगा हवा होता. तो झाला नाही.

स्टीफन हा राजाचा भाचा. त्याच्या 'कटा'वर फार वेळ घालवत नाही. ऑर्डरिक सांगतो की त्याला जुलाब लागले होते. शिवाय ११२० साली गादीच्या रांगेत त्याच्या पुढे राजाचा पुतण्या विल्यम क्लिटो होता आणि स्वतःचा थोरला भाऊ थिओबाल्डही होता. क्लिटो ११२८ साली लढाईतल्या जखमेने जाईल, हे स्टीफनला आठ वर्षं आधी कोण सांगणार होतं?

आता मुख्य मुद्दा. बोट बुडाल्यावर हेन्री १५ वर्षं जगला, आणि सगळं बिनसलं ते त्या १५ वर्षांत. जानेवारी ११२७ मध्ये त्याने सरदारांकडून शपथ घेतली की आपल्यामागे मुलगी मॅटिल्डालाच गादीवर बसवायचं. स्टीफननेही ती वाहिली. मग ११२८ साली तिचं लग्न लावलं फ्रान्समधल्या आंजू प्रांताच्या जेफ्रीशी, म्हणजे हेन्रीच्या नॉर्मन लोकांच्या जुन्या वैऱ्याच्या घरात. वर हुंड्यात ठरलेले सरहद्दीवरचे किल्ले काही त्याच्या हाती दिले नाहीत. ११३५ साली त्यावरून सासरा-जावयाचं चांगलंच वाजलं आणि मॅटिल्डा नवऱ्याच्या बाजूने उभी राहिली. १ डिसेंबरला राजा वारला तेव्हा ती बापाशी तुटलेली होती, शिवाय गरोदर.

स्टीफन इंग्लिश खाडी ओलांडून इंग्लंडला पोचला. लंडनने त्याला उचलून धरलं, खजिना होता विंचेस्टरला आणि तिथला बिशप त्याचा सख्खा भाऊ. २२ डिसेंबरला डोक्यावर मुकुट! आणि हे त्याला शिकवलं कुणी? २ ऑगस्ट ११०० रोजी राजा असलेला भाऊ शिकारीत बाण लागून मेला, तेव्हा हेन्रीने आधी विंचेस्टरचा खजिना गाठला आणि ५ तारखेला स्वतःचा राज्याभिषेक उरकला. थोरला भाऊ रॉबर्ट अजून धर्मयुद्धाहून परतायचा होता. मामाचा कित्ता भाच्याने गिरवला, एवढंच.

'बाई नको' यात तथ्य नाही असं नाही. बापाची जी जरब, तीच मॅटिल्डाच्या बाबतीत उद्धटपणा ठरली, आणि यादवीत ११४१ साली स्टीफन तिच्या बाजूच्या कैदेत असतानाही लंडनकरांनी तिला राज्याभिषेकाआधीच पिटाळलं. पण स्टीफनचा हक्कही आईकडूनच आलेला होता, कारण ती इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम द काँकररची मुलगी, म्हणजे हेन्रीची बहीण.

आणि यादवी संपली कशी? ऑगस्ट ११५३ मध्ये स्टीफनचा थोरला मुलगा युस्टेस अचानक मेला. नोव्हेंबरमध्ये स्टीफनने मॅटिल्डाच्या मुलाला, पुढच्या दुसऱ्या हेन्रीला, वारस मानलं. धाकटा मुलगा जिवंत असतानाही.