‘एप्रन घातला की बॅजची गरज नाही’ : कॅथलॅबमध्ये फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

कॅथलॅबवाल्यांच्या (एक्स-रेखाली अँजिओप्लास्टीसारख्या केस होतात त्या खोलीत काम करणाऱ्यांच्या) ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. त्याचं म्हणणं असं : शिशाचा एप्रन घातला की रेडिएशन लागत नाही, टीएलडी बॅजचा (अंगाला लागलेलं रेडिएशन मोजणाऱ्या बिल्ल्याचा) रिपोर्ट दरवेळी शून्यच येतो, म्हणजे तो नावापुरता, आणि अवघड केसला बॅज काढूनच ठेवा, आकडा वाढला तर कामावरून बाजूला करतील. नवे टेक्निशियन आणि सिस्टर यावर विश्वास ठेवतात, म्हणून हे लिहितोय.

आधी एप्रन. अर्धा मिलिमीटर शिशाच्या तोडीचा एप्रन विखुरलेल्या किरणांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त अडवतो, यात वाद नाही. पण डोळे, डोकं, हात उघडेच राहतात. ही किरणं पेशंटच्या अंगावरून विखुरतात, आणि ऑपरेटरची, म्हणजे केस करणाऱ्या डॉक्टरची, डावी बाजू साधारणपणे त्याच दिशेला असते. आयसीआरपीने (किरणांपासूनच्या संरक्षणाबद्दल शिफारशी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने) 2011 मध्ये डोळ्याच्या भिंगासाठी डोसची मर्यादा वर्षाला 150 मिलिसिव्हर्टवरून (हे डोसचं एकक) 20 वर आणली (पाच वर्षांची सरासरी), कारण आधी समजत होतो त्यापेक्षा बऱ्याच कमी डोसलाही मोतीबिंदू होऊ शकतो असं दिसून आलं. अँजिओप्लास्टी करणारे डॉक्टर आणि त्यांच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या नर्सेस, दोघांच्याही भिंगाच्या मागच्या भागात असा धूसरपणा आढळला आहे.

आता ‘शून्य’. आपला बॅज छातीवर, एप्रनच्या आत लावायचा असतो. त्यात कॅल्शियम सल्फेट-डिस्प्रोझियमच्या तीन चकत्या असतात. साधारण तीन महिन्यांनी लॅबमध्ये त्या तापवतात आणि निघणारा प्रकाश मोजून डोस काढतात. तिथे शून्य आलं तर एप्रनने आपलं काम केलं, एवढंच कळतं. डोळ्यांचं काहीच कळत नाही. म्हणूनच आयसीआरपीच्या 2018 च्या 139 क्रमांकाच्या प्रकाशनात दोन बॅज सुचवले आहेत : एक आत, दुसरा कॉलरपाशी बाहेर. शिवाय शून्य हे बॅज ड्रॉवरमध्ये पडून राहिल्याचंही असू शकतं. उलट एप्रनलाच अडकवलेला बॅज एक्स-रेच्या खोलीत हँगरवर राहिला, तर तुम्ही घरी असताना झालेल्या केसचा डोसही तुमच्या नावावर चढतो.

तिसरा सल्ला सगळ्यात घातक. बॅज काढला म्हणून डोस थांबत नाही, फक्त त्याची नोंद थांबते. एईआरबीची (भारताच्या अणुऊर्जा नियामक मंडळाची) पूर्ण शरीराच्या डोसची मर्यादा पाच वर्षांत 100 मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात 30 अशी आहे. आकडा वाढला की चौकशी होते, आणि ती तुमच्याच भल्याची असते : छतावरून लोंबणारी शिशाची काच खाली ओढली होती का, टेबलाचा पडदा लावला होता का, सिने (एक्स-रेचं चित्रीकरण) किती घेतले? बॅज बाहेर राहिला तर हे प्रश्न कुणी विचारणारच नाही. पुढे कधी डोळ्यांचा त्रास सुरू झाला, तर दाखवायला कागदही नसेल.

रेडिएशन सेफ्टी ऑफिसरकडे कॉलरसाठी दुसरा बॅज मागा. आणि सिने चालू असताना टेबलाशी ज्यांचं काम नाही त्यांनी मागे सरा. एक मीटरवरून दोन मीटरवर गेलात की डोस साधारण चौथाईवर येतो.