"घरीच तर चाललोय, त्यात तयारी कसली?"

मुलांना घेऊन दोन-तीन महिने भारतात राहायचं ठरलं की परदेशातली मराठी घरं सगळ्यात आधी वजनकाटा काढतात. २३ किलोच्या बॅगा, चॉकलेटं, भाच्यांचे बूट. डॉक्टरची आठवण येते ती निघायच्या आठवड्यात. कारण मनात पक्कं असतं, आपण टुरिस्ट थोडेच, घरीच तर चाललोय.

माझ्या मते सगळी गडबड या वाक्यातच आहे. टायफॉइड, मलेरिया घेऊन परतणाऱ्यांत हॉटेलात उतरणाऱ्यांपेक्षा नातेवाइकांकडे राहिलेले जास्त असतात. मुक्काम लांबलेला, घरोघरी आग्रहाचं जेवण आणि निघण्यापूर्वी सल्ला घेतलेला नाही. "आम्ही नाही का याच पाण्यावर वाढलो?" वाढलात, पण तुमची पोरं नाही वाढली.

म्हणून सहा-आठ आठवडे आधी लसींचं बघा. टायफॉइडचं इंजेक्शन किमान दोन आठवडे आधी हवं. हेपटायटिस एची लस अमेरिकेत मूल वर्षाचं झालं की देतातच, पण ६ ते ११ महिन्यांच्या बाळालाही प्रवासासाठी एक डोस देता येतो. रेबीजबद्दल मात्र आवर्जून विचारा. आधी घ्यायचे डोस दोनच, पहिला झाला की सात दिवसांनी दुसरा. लहान मूल कुत्र्याने ओरबाडलेलं घरी सांगतच नाही. कळलंच तर जखम १५ मिनिटं साबण-पाण्याने धुवायची, हळद-चुना काही लावायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आधीचे डोस झालेले असले तरी चावल्यावर पुन्हा दोन घ्यावे लागतात. फायदा हा की इम्युनोग्लोब्युलिन (जखमेत टोचायची तयार प्रतिपिंडं) लागत नाही, आणि लहान गावात ते वेळेवर मिळेलच असं नाही.

आता तापाचं औषध. यात तर शिकलेली माणसंही चुकतात. अमेरिकेतल्या मुलांच्या सिरपमध्ये ५ मिलीत १६० मिग्रॅ पॅरासिटामॉल असतं. भारतात १२० चं मिळतं, २५० चंही मिळतं, आणि बाळांच्या थेंबांत तर १ मिलीतच १०० मिग्रॅ. १२ किलोच्या मुलाला किलोमागे १५ या हिशेबाने १८० मिग्रॅ लागलं, तर ते अमेरिकन सिरपचं साडेपाच मिलीच्या आसपास, १२० वाल्याचं साडेसात, २५० वाल्याचं साडेतीनच्या थोडं वर आणि थेंबांचं जेमतेम १.८ मिली. "आमच्याकडे साडेपाच देतो" म्हणून थेंब साडेपाच मिली पाजले, तर मात्रा तिप्पट झाली! डॉक्टरकडून मुलाच्या वजनाची मात्रा मिलिग्रॅममध्ये लिहून घ्या आणि तो कागद आजीच्या फ्रिजवर चिकटवा.

ओआरएसचंही तसंच. मोठी पुडी एक लिटरची, छोटी २०० मिलीची. मोठी पुडी पेलाभर पाण्यात कालवली तर फायद्याऐवजी अपाय. फळांच्या चवीची खोक्यातली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे.

दम्याच्या मुलाचा नेब्युलायझर नेताय? मागची पट्टी वाचा. १००–२४० व्होल्ट लिहिलेलं नसेल तर नुसत्या पिन-अडॅप्टरने तो २३० व्होल्टवर जळेल.

कार सीट नक्की न्या. मात्र टॅक्सीत मागचे पट्टे बऱ्याचदा सीट-कव्हरखाली गाडलेले असतात, म्हणून गाडी ठरवतानाच "मागे पट्टे आणि बकल चालू आहेत ना?" विचारा. अमेरिकन सीट असेल तर लॉकिंग क्लिपही (पट्टा घट्ट धरून ठेवणारी धातूची पट्टी) बॅगेत टाका. तिकडच्यासारखा पूर्ण ओढला की लॉक होणारा पट्टा इकडच्या गाड्यांत सहसा नसतो, मग सीट सैल पडते.

रेल्वेत ५ ते १२ वर्षांच्या मुलासाठी स्वतंत्र बर्थ मागितला तर पूर्ण भाडं, नाहीतर अर्धं. रात्रीच्या प्रवासाला बर्थ घ्याच, तिथे काटकसर नको. सर्वसाधारण आरक्षण ६० दिवस आधी उघडतं.

कागदपत्रांत अडकवतो तो मुलांचा पासपोर्ट. तो लवकर संपतो. नवा आला की ओसीआयच्या (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांच्या कार्डाच्या) पोर्टलवर त्याची प्रत आणि ताजा फोटो चढवायचा, विसाव्या वर्षापर्यंत दर वेळी.

आणि पहिला आठवडा मोकळा ठेवा. न्यूयॉर्कहून आलेलं पोर साडेनऊ-साडेदहा तासांच्या फरकाने रात्री दोनला टक्क जागं होऊन भूक लागली म्हणणार. उशाशी मुरमुऱ्यांचा डबा असू द्या, सत्यनारायण दुसऱ्या आठवड्यात घाला.