अर्धी दाढी

माझा डावा गाल अजून तसाच आहे. परभणीत, गल्लीतल्याच सलूनमध्ये, पोराचं अर्धं लक्ष मोबाईलवर आणि वस्तरा माझ्या हनुवटीवर. एवढंसं कापलं. पण माझ्या हृदयात धातूची झडप, तिच्यावर गुठळी होऊ नये म्हणून रोज वॉरफॅरिन, मग रक्त थांबतंय कशाला? तुरटी झाली, कापूस झाला, पोरानं घाबरून मालकाला फोन लावला.

बाकड्यावर नंबर लावून बसलेले एक मामा उठून पार माझ्या तोंडाशी आले. "रगत थांबना की ओ. शुगर हाय का?" म्हणलं नाही, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. "पातळ म्हंजे, पाणी घातलेल्या दुधावानी?" इथंच गप बसायला पाहिजे होतं, पण पडलो रिटायर्ड मास्तर. म्हणलं मामा, पातळ-बितळ काही होत नाही, व्हिटॅमिन केचं काम अडतं म्हणून गोठायला वेळ लागतो, तिकडं अमेरिकेत १९२० च्या दशकात बुरशी लागलेला चारा खाऊन जनावरं रक्त जाऊन मरायली, त्यावरून शोध लागत गेला. "बुरशीचा चारा घातलाच कामून? कडबा नव्हता?" आता मला काय माहीत! "आमच्यात दुष्काळात बी कुणी घालत न्हाई." मामा अमेरिकेवर खरंच तापले होते, इकडं माझी हनुवटी गळायलेली. आणि त्या भरात मी सांगून बसलो की ही गोळी आधी १९४८ ला उंदराचं औषध म्हणून बाजारात आली.

पोराचा हात कापसासकट मागं.

मामा मात्र विचारात पडले. "चार असल्या तर द्या की. सोयाबीनच्या थप्पीत लई उंदरं झालीत."

सगळं सलून हसलं. हसा. आयएनआरला, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीला, सारखं टोचून घ्यायचं, मेथी-पालक एकदम जास्त नाही आणि एकदम बंदही नाही, गुडघा दुखला तर मेडिकलवाल्याची गोळी मनानं घ्यायची नाही, हे माझं मलाच. मामांच्या व्याह्याला म्हणे नवी गोळी आहे, तपासणीची कटकटच नाही. ती धातूच्या झडपेला चालत नाही, पण बोललो नाही, परत कडब्यावर गेले असते.

पोरानं उरलेली दाढी करायला साफ नकार दिला. पैसे पूर्ण घेतले, वर कापसाचे १० रुपये. कशाचे?

मामा बाहेरपर्यंत आले सोडायला. "गोळ्यांचं तेवढं बघा सर."