ताईला विचारा

'परदेशात आता छाती कापून तोंड शिवत नाहीत. पटत नसेल तर ताईला विचारा.' माहेरच्या ग्रुपवर धाकट्या चुलतभावाने हे टाकलं आणि खाली सात अंगठे आले. इंग्लंडमधल्या हॉस्पिटलातली नर्सची रात्रपाळी संपवून मी स्विंडनच्या बसमध्ये बसले होते. मला विचारलं मात्र कुणीच नाही.

म्हणून आता न विचारता सांगते.

म्हार्दोळच्या आमच्या भाईकाकांना गालात आतून कॅन्सर झाला. गोव्यातच ऑपरेशन झालं. गालाचं आतलं अस्तर गेलं, खालच्या जबड्याची कड गेली, मानेतल्या गाठी काढल्या. पडलेलं भगदाड भरायला डॉक्टरांनी छातीवरचा मोठा स्नायू वरच्या कातडीच्या तुकड्यासकट उचलला, त्याची रक्तवाहिनी शाबूत ठेवली आणि कॉलरबोनवरून, कातडीखालून तो तोंडात नेऊन शिवला. याला चेस्ट फ्लॅप म्हणतात. भावाचं म्हणणं, ही जुनाट पद्धत, काकांना मुंबईला न्यायला हवं होतं.

जुनी म्हणाल तर १९७९ सालची. अमेरिकेतल्या स्टीफन आरियान या सर्जननी ती मांडली आणि पुढे कित्येक वर्षं जगभर डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये पहिला हात याच फ्लॅपला घातला जायचा. आणि रक्तवाहिनीचा देठ न तोडता कातडी फिरवून लावण्याची विद्या तर आपल्याच घरची आहे. टिपूच्या माणसांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्यात कपाळाच्या कातडीचं नवं नाक बसवलं, ती हकीकत १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आली. ती वाचून कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ साली लंडनमध्ये तसं नाक केलं. इथल्या कॅन्टीनमध्ये हे मी एकदा सांगितलं, तेव्हा टेबल गप्प झालं होतं. मला फार बरं वाटलं होतं.

भाऊ सगळाच चुकीचा नाही, हेही लिहायला हवं. मी काम करते त्या वॉर्डात बहुतेकांना फ्री फ्लॅपच लावतात. हाताच्या किंवा मांडीच्या कातडीचा तुकडा, नाहीतर पायाचं फिब्युला हाड, रक्तवाहिन्यांसकट पूर्ण सुटं करायचं आणि दोन-तीन मिलिमीटरच्या त्या वाहिन्या मायक्रोस्कोपखाली मानेतल्या वाहिन्यांना केसाहून बारीक दोऱ्याने जोडायच्या. हनुवटीकडचा जबडा गेला असेल तर हाडाला हाडच हवं, तिथे छातीचं मांस पुरं पडत नाही. छातीचा फ्लॅप जाड असतो, स्वतःच्या वजनाने खाली ओढतो, पुरुषांच्या तोंडात कधी कधी छातीचे केस उगवतात, हात वर करताना खांदा दुखतो. बायकांच्या छातीचा आकार बिघडतो, आणि त्याबद्दल मोकळेपणी बोलणारी बाई मला गोव्यात भेटली नाही तशी इथेही क्वचितच भेटते.

पण 'परदेशात करत नाहीत' हे साफ खोटं आहे. रेडिएशनने मानेतल्या वाहिन्या जळालेल्या असतात तेव्हा करतात. पेशंटचं हृदय दहा-बारा तासांची भूल झेपणारं नसतं तेव्हा करतात. फ्री फ्लॅप मेला की करतात. मानेतली मोठी धमनी उघडी पडायची भीती असते, तेव्हा तिच्यावर पांघरूण घालायला हाच स्नायू लागतो. काकांचं हृदय आधीपासून अधू, त्यात चाळीस वर्षांची तंबाखू.

आणि ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हायला हवं. मुंबईत तारीख, तिथे राहायची सोय, काकींना सोबत कोण, या सगळ्यात किती दिवस गेले असते याचा हिशोब ग्रुपवर कुणी केला नाही. ऑपरेशनआधी गालातली जखम आठ महिने होती. काका तिला जेल लावत होते आणि दारातल्या पोफळीची सुपारी तंबाखूबरोबर चघळत होते. गोव्याने गुटख्यावर २००५ सालीच बंदी आणली, पण आपल्याच कुळागरातल्या, घरच्या बागेतल्या सुपारीला कोण बंदी घालणार? नुसती सुपारीही कॅन्सर करते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ साली छापलं आहे. ते आठ महिने ग्रुप गप्प होता. चतुर्थीला व्हिडिओवर काकांचं तोंड पुरतं उघडत नव्हतं, ते मी पाहिलं होतं. मीही गप्प होते.

आता जे भावाला ठाऊक नाही ते. फ्री फ्लॅप टेबलावर जगत नाही, तो रात्री वॉर्डात जगतो. पहिले दोन-तीन दिवस त्या जोडात गुठळी होऊ शकते, म्हणून मी दर तासाला टॉर्च घेऊन जाते. बोटाने दाबते, रंग परत यायला किती सेकंद लागतात ते मोजते. सावळ्या कातडीवर हा रंग लवकर कळत नाही, तिथे हाताला लागणाऱ्या उबेवर आणि वाहिनीतलं रक्त वाहताना ऐकवणाऱ्या डॉप्लर यंत्राच्या आवाजावर भिस्त ठेवावी लागते. एकदा पहाटे तीनला फ्लॅप निळसर दिसला. शीर तुंबली होती. रात्रीच्या रजिस्ट्रार डॉक्टरला उठवलं, तासाभरात पेशंट परत थिएटरमध्ये, फ्लॅप वाचला. तो तास चुकला असता तर बारा तासांचं काम कचऱ्यात गेलं असतं.

गोव्यात मी होते त्या वॉर्डात रात्री आम्ही दोघी आणि चाळीस खाटा. दर तासाला एका खाटेपाशी पाच मिनिटं उभं राहायला तिथे कोण होतं? मायक्रोस्कोप विकत घेता येतो. पहाटे तीनला टॉर्च धरणारी हवी. तशी एक मी होते. बाबांचा जन्म १९५४ चा, गोव्यात पोर्तुगीज राज्य असतानाचा, म्हणून लिस्बनमध्ये नोंद झाली, पोर्तुगालचा लाल पासपोर्ट आला आणि मी निघाले. आता माझ्याकडे सेटल्ड स्टेटस, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी आहे, घराचा हप्ता आहे, मुलगी इंग्रजीत भांडते. भावाचा मेसेज मला एवढा का झोंबला, ते बसमधून उतरेपर्यंत कळलं होतं. छातीचा फ्लॅप आपलं रक्त सोबत घेऊन येतो. पहाटेच्या नर्सवर तो एवढा विसंबून नसतो. मी निघून गेलेल्या जागी काकांना तोच सोसणारा होता.

काल काकांना फोन केला. नाकातली नळी निघाली आहे, उकड्या तांदळाची पेज गाळून घेतात. मोबाइलचा उजेड पाडून त्यांनी जमेल तेवढं तोंड उघडलं.

"बाय, रंग बरा दिसतो गो?"

आता तपासायची काही गरज नव्हती. तरी मी म्हटलं, हात धुऊन बोटाने दाबा. एक, दोन, तीन मोजलं. स्क्रीनवर मला सगळं तपकिरीच दिसत होतं.

"काकी, हात लावून बघा. ऊब आहे ना?"

"आहे गो," काकी म्हणाल्या.