बोरीबंदर ते ठाणे, व्हाया फ्रीझर

आमचे आप्पा, म्हणजे माझे सासरे, रेल्वेतून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण घरातलं घड्याळ ते अजून रेल्वेच्या वेळेनुसारच लावतात. त्यांचा वाढदिवस 16 एप्रिलला. 1853 साली याच तारखेला दुपारी 3 वाजून 35 मिनिटांनी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी सुटली. हा निव्वळ योगायोग आहे असं आमच्या घरात कोणी म्हणत नाही. म्हणायची सोय नाही.

त्यामुळे पंचाहत्तरीच्या केकवर कशाचं चित्र काढायचं, हा प्रश्न आलाच नाही.

"14 डबे, 3 इंजिनं, सुमारे 400 पाहुणे," आप्पांनी पेपरातून मान वर न करता सांगितलं. "इंजिनांची नावं साहिब, सिंध आणि सुलतान. 21 तोफांची सलामी झाली होती, ती तुझ्या सोयीने घाल."

नवऱ्याचं म्हणणं, एवढी कटकट कशाला, फोटो छापून लावून टाक. खायच्या शाईने साखरेच्या शीटवर छापून मिळतो, केकवाला उभ्याउभ्या देतो. मिळतो, कबूल. पण त्या शीटवर कुठलाही माणूस आधार कार्डावरच्या स्वतःसारखा दिसतो. शिवाय तो कापायचा कसा? सोसायटीतल्या एका पहिल्या वाढदिवसाला बाळाचाच फोटो होता. सुरी कुठून घालावी यावर मोठी माणसं कुजबुजत उभी राहिली आणि शेवटी नाक मामीच्या ताटलीत गेलं. मामी ते खाईनात, टाकवेनाही.

म्हणून मी फ्रोझन बटरक्रीम ट्रान्सफर करायचं ठरवलं. ऐकायला हे बँकेतलं काहीतरी वाटतं, पण प्रकार सरळ आहे. चित्राच्या कागदावर बटर पेपर चिकटवायचा, खालून दिसणाऱ्या रेघा काळ्या बटरक्रीमने गिरवायच्या, मधल्या जागा रंगीत क्रीमने भरायच्या, पाठीवर केकच्याच रंगाचा एक थर द्यायचा आणि सगळं फ्रीझरमध्ये दगड होईपर्यंत ठेवायचं. मग ते केकवर पालथं घालून कागद सोलायचा. चित्र केकवर, कागद कचऱ्यात. वाचायला दोन मिनिटं लागतात.

आधी डब्यांचा तह. किलोभराच्या केकवर 14 डबे मावत नाहीत हे आप्पांना तत्त्वतः मान्य होतं, तपशिलात नव्हतं. मी म्हटलं, एक इंजिन आणि तीन डबे दाखवू, बाकीचे मागे बोगद्यात आहेत असं समजा. आप्पांनी चष्मा काढला. "बोरीबंदर ते ठाणे बोगदा कुठे आहे? बोगदा पारसिकचा, तो ठाण्याच्या पुढे." उरलेले डबे केकच्या कडेने फिरवायचे ठरले. सिंध आणि सुलतान यांना गैरहजेरी माफ झाली, ती नाइलाजाने.

मग बटर. बिनमिठाचं आण म्हणून बजावलं असताना नवऱ्याने पावभाजीचं पिवळं, खारं बटर आणलं. मीठ एक वेळ सोसलं असतं, पण पिवळ्या बटरमध्ये निळा रंग घातला की आकाश हिरवं होतं. त्यावर उपाय म्हणजे बिनमिठाचं बटर आणायचं, ते पांढरटसर होईपर्यंत भरपूर फेटायचं आणि तरीही पिवळट वाटलं तर जांभळा रंग टूथपिकच्या टोकाएवढा घालायचा. जांभळ्याने पिवळा मारला जातो. रंग जेलचाच हवा. पाण्यासारखा पातळ रंग ओतला तर क्रीम फुटायची भीती. नवरा जांभळी नाक्याला पुन्हा गेला. येताना आइसिंग शुगरही आणली, कारण बटरच्या दुप्पट साखर लागते हे ऐकून त्याचा आधी विश्वास बसला नव्हता. मिक्सर लावल्यावर त्या साखरेचा असा धुरळा उडाला की संध्याकाळपर्यंत ओट्यावर मुंग्यांची स्वतःची हार्बर लाइन सुरू झाली.

आणलेलं खारं बटर वाया कसं घालवायचं, ही आईंना, म्हणजे सासूबाईंना, लागलेली टोचणी. "काळ्या रंगात पिवळं कोणाला दिसतंय?" त्या म्हणाल्या. मुद्दा बिनतोड होता. त्या बटरमध्ये कोको घातला, त्यावर काळं जेल घातलं आणि रंग मुरायला बाजूला ठेवला. काळा रंग मुरल्यावर गडद होतो. लगेच काळा दिसेपर्यंत जेल ओतत बसलं तर डबी संपते आणि चवही कडवट होते.

आता या कामातली खरी गंमत. चित्र पालथं पडणार, म्हणून ते आरशातल्यासारखं उलटं काढावं लागतं. केकवर गाडी उजवीकडे धावायला हवी असेल तर कागदावर तिने डावीकडे तोंड करायला हवं. आणि पुढे दिसायचं ते आधी काढायचं. खिडकीचा पडदा आधी, मग खिडकी, मग डबा, आकाश सगळ्यात शेवटी. कामाला बसलं की हे हाताला पाच मिनिटांत कळतं. स्वयंपाकघरातून जाणाऱ्या माणसांना मात्र कळत नाही, आणि आमचं स्वयंपाकघर हॉल आणि बाथरूमच्या मधोमध आहे.

"आई, उलटं काढलंस," मुलगा म्हणाला.

"अगं, उलटं झालंय ते," आई म्हणाल्या.

शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या होत्या. त्यांनी नुसतं च्‌ च्‌ केलं आणि विरजण न घेताच गेल्या. बहुतेक ही बातमी घेऊन.

आप्पा आले तेव्हा मी इंजिनावर "ठाणे" लिहीत होते. ठ उलटा केला तरी ठच राहतो, हा त्या अक्षराचा मोठेपणा. ण मात्र लगेच परका होतो, आणि मात्रा भलतीकडे झुकते. आप्पा बराच वेळ वाकून पाहत राहिले. "ही गाडी तर ठाण्याहून परत चाललीय." मी बेसिनवरचा आरसा काढून आणला आणि चित्रापुढे धरला. आरशात गाडी ठाण्याला आली. आप्पा काही बोलले नाहीत. पण नंतर जो कोणी घरात आला, कचरेवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत, त्याला हात धरून आत आणून, आरसा धरून, हे शास्त्र आप्पांनीच समजावलं. त्यात "आपण" हा शब्द फार वेळा आला. "आपण मुद्दामच उलटं काढतो."

एप्रिलमधलं ठाणं आणि बटर यांचं जमत नाही. बटर बत्तीस ते पस्तीस अंशांच्या आसपास वितळतं, आणि आमच्या ओट्यावर गॅस न पेटवताही साधारण तेवढं असतं. रेघा काढल्या की पाच मिनिटं फ्रीझर, एक रंग भरला की पुन्हा फ्रीझर. नाहीतर काळी रेघ आकाशात पाझरते. पंखा लावावा तर बटर पेपर उडतो. माझ्या तळहाताच्या उबेनेच कोनातलं क्रीम पातळ व्हायचं. मी एका हातात कोन आणि दुसऱ्या हातात बर्फाची पिशवी धरून आलटून पालटून काम केलं. बर्फाची पिशवी आप्पांच्या गुडघ्याची होती.

फ्रीझर म्हणजे आमच्या घरातला सामायिक जमिनीचा सातबारा. हिवाळ्यातले मटार आईंचे, खवलेलं खोबरं आईंचंच, कुल्फ्या मुलाच्या, आणि एका डब्यात काय आहे हे दोन वर्षं कोणी विचारलेलं नाही. चित्राला सपाट जागा लागते. पाट मटारच्या पिशवीवर ठेवला तर बटर कलतं आणि गाडी घाट चढायला लागते. मटार बाहेर काढायला लागले आणि त्या रात्री घरात मटारभात, मटारउसळ आणि एक अबोला झाला. दारावर मी "उघडू नये" असा कागद लावला. त्याच्यामुळे ज्यांना उघडायचं सुचलंही नसतं त्यांनाही सुचलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली. सोसायटीचा जनरेटर लिफ्ट आणि पाण्याचा पंप चालवतो, आमचा फ्रीज नाही. खरं तर भरलेला फ्रीझर बंद ठेवला तर तासन्‌तास गार राहतो. गारवा वीज गेल्याने जात नाही तितका, गारवा गेला का ते पाहायला दार उघडल्याने जातो. हे मी सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांना पटलं. पटल्याचं सांगायला नवरा आला आणि बोलता बोलता दार उघडून म्हणाला, "आहे गं, आहे अजून गार." मग मी फ्रीजला पाठ लावून खुर्ची टाकली आणि लाइट येईपर्यंत तिथेच मटारची सालं... नव्हे, मटार संपले होते, लसूण सोलत बसले.

केकचं म्हणाल तर तो झाला. व्हॅनिला.

पालथं घालायची घटका आली तेव्हा घरातले सगळे ओट्याभोवती जमले. केकवरचं क्रीम ओलसरच ठेवलं होतं, म्हणजे चित्र धरून बसेल. पाट काढला, चित्र उचललं, पालथं घातलं, हलकं दाबलं. कागद कोपऱ्यातून, आडवा, जमिनीला समांतर ओढायचा. वर उचलायचा नाही. चाकापाशी तो अडला. मी आहे तसा केक फ्रीझरमध्ये सरकवला, दहा मिनिटं कोणी श्वास घेतला नाही, मग कागद सुटला. इंजिन, डबे, धूर, निळं म्हणावं असं आकाश. आणि ठाणे, सुलटं.

लगेच चित्रावर दव धरलं. गोठलेल्या बटरवर दमट हवेचं पाणी बसणारच. ते पुसायचं नसतं, आपोआप सुकू द्यायचं, नाहीतर काळा रंग फासला जातो. आईंनी "घाम आलाय गं गाडीला" म्हणत पदर पुढे केला. मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या काकू विरजणाचं निमित्तही न करता आल्या.

संध्याकाळी आप्पांनी सुरी घेतली आणि तशीच धरून उभे राहिले. "इंजिन तोडायचं नाही. मागून सुरुवात करा." शेवटचा डबा कापला, मग त्याच्या पुढचा. वाटपही वेळापत्रकानुसार. भायखळ्याच्या साडूंना आधी, मुलुंडच्या मेहुण्यांना नंतर. कल्याणच्या आत्याबाई, आप्पांच्या धाकट्या बहीण, ताटली घेऊन पुढे आल्या.

"कल्याणची लाइन 1854 ला सुरू झाली," आप्पा म्हणाले. "तू वर्षभर थांब."

आत्याबाईंनी चमचा उचलला, सरळ इंजिनाचं धुराडं काढून घेतलं आणि तोंडात टाकलं. जरा वेळ चघळत राहिल्या. मग काळीभोर जीभ काढून म्हणाल्या, "दादा, खारट लागतंय रे."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, आईंकडे पाहिलं आणि सुरी खाली ठेवली.

"बंदरावरून निघालंय," ते म्हणाले. "खारट असणारच."